गायरान आहे, गावठाण नाही : मारालिंगाचे पाच दिवस

दिवस पहिला : अ‍ॅडलेड ते सेडूना

बाबा सदतीस वर्षं तलाठी होते. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा आदेश निघालाय, पण तो बाबांनी मनावर घेतलेला नाही. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते माझ्याकडे अ‍ॅडलेडला आले. पहिले पंधरा दिवस समुद्रकिनारा, द्राक्षांचे मळे, मंडळाचा गणपती-तयारीचा गोंधळ वगैरे दाखवून झालं, आणि एका रात्री जेवताना मी सहज म्हणाले की इथून हजारेक किलोमीटरवर एक जागा आहे, जिथे इंग्रजांनी सात अणुबॉम्ब फोडले आणि नंतर ती जमीन मूळ मालकांना परत केली.

बाबांचा घास हातात राहिला. "परत केली म्हणजे? फेरफार कुणाच्या नावे झाला?"

तेव्हाच कळलं, की सुट्टी टाकावी लागणार.

ऑगस्ट महिना, म्हणजे इथला सरता हिवाळा. पहाटे पाचला निघालो. सेडूना जवळजवळ पावणेआठशे किलोमीटर. पोर्ट ऑगस्टापर्यंत डावीकडे समुद्राचा फाटा, उजवीकडे डोंगर. मग आयर हायवे लागला की गहू आणि झुडपं, झुडपं आणि गहू. बाबांनी दोनदा विचारलं, "खातेदार किती असतील गं इथे?" मला काय माहीत!

दुपारी किंबाला थांबलो. गावाबाहेर एका गुलाबी पोपटाचा आठ मीटर उंच पुतळा आहे, आणि "ऑस्ट्रेलियाचा अर्धा रस्ता इथे संपतो" अशी पाटी. थांबले ते मात्र पोपटासाठी नाही. या गावाजवळच्या एका शेतात देशभरचा किरणोत्सारी कचरा ठेवायचं 2021 मध्ये सरकारनं ठरवलं होतं. त्याआधी गावात मतदान झालं, बहुमत कचऱ्याच्या बाजूनं पडलं. पण त्या भूमीचे मूळ हक्कदार असलेले बार्नगार्ला लोक बहुतेक नगरपालिकेच्या हद्दीबाहेर राहणारे, म्हणून त्यांना मत नव्हतं. ते कोर्टात गेले. जुलै 2023 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि पुढच्याच महिन्यात सरकारनं बेत गुंडाळला.

बाबा म्हणाले, "ग्रामसभेची नोटीस गावात लावायची आणि जमीन असणाऱ्याला कळू द्यायचं नाही. हे मी पण बघितलंय." आणि चहा अगदीच पाणचट आहे म्हणाले.

दिवस दुसरा : सेडूना, उल्डिया, मारालिंगा

मारालिंगाला उठलं आणि गेलं असं चालत नाही. जमीन मारालिंगा जारुजा या, आनंगू म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या, संस्थेची आहे. परवाना त्यांचा लागतो. त्यांचं ऑफिस सेडूनात आहे. बाबांनी परवान्याचा कागद उलटसुलट करून वाचला, शिक्का कुठे आहे ते बघितलं, आणि खूश झाले. "मालक परवाना देतोय. बरोबर."

वाटेत गाडीत मी त्यांना इतिहास सांगत होते. 1950 साली ब्रिटनच्या पंतप्रधानांनी विचारलं आणि ऑस्ट्रेलियाच्या मेन्झिसनी मंत्रिमंडळालाही न सांगता हो म्हटलं. 1952 मध्ये पहिला स्फोट पश्चिमेच्या मॉन्टे बेलो बेटांवर. 1953 मध्ये दोन, इमू फील्ड नावाच्या वाळवंटी जागेत. ती फारच आडबाजूला पडली म्हणून रेल्वेमार्गाच्या जवळ कायमचं ठिकाण शोधलं, ते हे मारालिंगा. 1956 आणि 57 मध्ये तिथे सात बॉम्ब. हे नावसुद्धा इथलं नाही. दूर उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या, आता कुणीही न बोलणाऱ्या एका भाषेतला 'मेघगर्जना' या अर्थाचा शब्द उचलून तो दक्षिणेतल्या या माळाला लावला. ज्यांचा माळ, त्यांच्या भाषेत त्याला काय म्हणतात हे कुणी विचारलं नाही.

यालाटाच्या आसपास हायवे सोडला आणि उत्तरेला कच्च्या रस्त्याला लागलो. यालाटाची माती राखाडी आहे. हे लक्षात ठेवण्यासारखं, कारण 1952 मध्ये उत्तरेकडच्या उल्डियाची ख्रिस्ती मिशन बंद झाली तेव्हा तिथल्या आनंगूंना उचलून दक्षिणेला या राखाडी मातीत आणून वसवलं. लाल वाळूतली माणसं. त्यांची म्हातारी पिढी शेवटपर्यंत या मातीला नावं ठेवत राहिली.

पुढे नलारबोरचं सपाट पठार. नावातच 'एकही झाड नाही' असं लॅटिन आहे. मग एकदम वाळूच्या टेकड्या, झाडी, आणि रेल्वेचे रूळ : उल्डिया. 17 ऑक्टोबर 1917 ला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ इथे जोडले गेले. इथूनच पश्चिमेला 478 किलोमीटर एकही वळण नसलेला, जगातला सर्वांत लांब सरळ मार्ग सुरू होतो. पण रेल्वे इथून गेली, वसाहत झाली, ती पाण्यामुळे. टेकड्यांच्या पोटात गोड्या पाण्याचा झरा होता. वाळवंटभरचे लोक शेकडो मैलांवरून त्याच्यावर येत, लग्नं जुळत, विधी होत. रेल्वेनं तो 1926 पर्यंत उपसला, मग पाणी बिघडलं आणि पंप बंद झाले. बॉम्बच्या आधी तीस वर्षं एक पाणवठा गेला होता. बाबा रुळांवर उभे राहून पश्चिमेकडे बघत होते. म्हणाले, "जरीब टाकायला किती सोपं गेलं असेल."

रूळ ओलांडून वॉटसनच्या दिशेनं, आणि मग परत उत्तरेला. इथे अचानक डांबरी रस्ता लागतो. सत्तर वर्षांपूर्वीचं डांबर! चुनखडीच्या एका उंचवट्यावर मारालिंगा गाव. कुलूपबंद फाटकाशी एक माणूस गाडी घेऊन वाट बघत उभा होता. हाच आमचा यजमान, वाटाड्या आणि, नंतर कळलं, प्लंबरही. नाव लिहीत नाही; त्याला ते आवडणार नाही असं वाटलं.

गाव म्हणजे काही इमारती, जुनं इस्पितळ, बाकी नुसते चौथरे. कधीकाळी इथे हजारो सैनिक, शास्त्रज्ञ, सिनेमागृह, पोहण्याचा तलाव होता. रात्री चार अंश थंडी. बाबांनी माझी शाल, त्यांची शाल आणि टेबलावरची चादर असं सगळं पांघरलं.

दिवस तिसरा : टीटकेन्सचं मैदान

आजच्याच दिवसासाठी एवढा आटापिटा केला होता.

गावापासून साधारण तीस किलोमीटर उत्तरेला स्फोटांचं मैदान. 1879 मध्ये टीटकेन्स नावाचा एक इंग्रज पाणी शोधत इथे आला, विहीर खणली, म्हणून टीटकेन्सचं मैदान. आम्ही अकरा जण बसमध्ये. उंचवटा उतरलो की समोर निळसर झुडपांचा गालिचा, मधून मधून मायॉल नावाची छत्रीसारखी झाडं. सुंदर आहे हो. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला थांबा वन ट्री. 27 सप्टेंबर 1956, तीस मीटर उंच मनोऱ्यावर बॉम्ब. आता तिथे कंबरेएवढा सिमेंटचा एक स्तंभ, वर तारीख आणि इशारा. झाडं नाहीत. बाकीच्या माळावर आहेत, इथे एका वर्तुळात नाहीत. जणू कुणी ताटातला मधला घास उचललाय.

मग मार्कू. हा जमिनीवर फोडलेला, 4 ऑक्टोबर 1956. लहान बॉम्ब, पण जमिनीवर असल्यामुळे मोठा खड्डा पडला. खड्डा नंतर 1967 मध्ये भंगार टाकून बुजवला. या जागेची खरी गोष्ट बॉम्बची नाही. मे 1957 मध्ये एक आनंगू कुटुंब, नवरा-बायको, दोन मुलं, कुत्री, त्या खड्ड्याजवळ मुक्काम करून राहिलेलं सैनिकांना सापडलं. दक्षिणेला उल्डियाकडे निघाले होते. मिशन बंद होऊन पाच वर्षं झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना यंत्रं लावून तपासलं, अंघोळी घातल्या, कुत्री गोळ्या घालून मारली, आणि गाडीत घालून यालाटाला नेऊन सोडलं. ती बाई गरोदर होती. मूल मृत जन्मलं. सैनिकांना तंबी होती की याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. 1984–85 च्या चौकशी आयोगापुढे तिनं स्वतः येऊन हे सांगितलं.

तिचं नाव नोंदीत आहे. इथल्या रिवाजात मेलेल्या माणसाचं नाव लगेच घेत नाहीत. कुणाचं नाव त्या मृताशी जुळत असेल तर त्या जिवंत माणसालाही 'कुन्मानारा' म्हणतात, म्हणजे नाव टाळायला वापरायचं नाव. मीही इथे तेवढं पाळते.

एवढ्या मोठ्या प्रदेशावर लोक आहेत की नाहीत ते बघायला सरकारनं सुरुवातीला नेमला होता एकच गस्ती अधिकारी. एक माणूस आणि एक गाडी. त्यानं वरिष्ठांना तक्रारी केल्या तर त्याला सुनावण्यात आलं, की मूठभर लोकांसाठी राष्ट्रकुलाचं काम अडवू नको, अशा अर्थाचं. बाबा यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एका तलाठ्याकडे सहा गावं असली की काय होतं ते मला विचार."

ब्रेकअवेला जमीन चकाकते. वाळू वितळून झालेली काच. हिरवट, वाटाण्याएवढे खडे, एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला वाळूचे कण चिकटलेले. इथे माझ्याकडून दुर्लक्ष झालं. मी वाटाड्याचं ऐकत होते, आणि बाबांनी वाकून एक खडा उचलला, चष्मा वर करून बोटांत फिरवून बघायला लागले. सवयच ती; आयुष्यभर शिवारात दगड उचलून बघितले. वाटाड्या ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "सर, तो तिथेच ठेवा, आणि हात धुवा." पाण्याची बाटली त्यानं स्वतः धरली. बाबांचे कान लाल झाले होते. बसमध्ये बसल्यावर माझ्या कानात म्हणाले, "गरम नव्हता." जणू गरम असायला हवा होता.

आणि मग तारानाकी.

9 ऑक्टोबर 1957 ला इथे तीनशे मीटर उंच फुग्यांना टांगून मारालिंगातला सर्वांत मोठा बॉम्ब फोडला. पण खरी घाण त्यानं केली नाही. 1960 ते 1963 या काळात इथे 'छोट्या चाचण्या' झाल्या. नावच तसं ठेवलं होतं. बॉम्बला अपघात झाला, आग लागली, तर काय होईल हे बघायला प्लुटोनियम असलेले गोळे साध्या स्फोटकांनी उडवायचे. अणुस्फोट व्हायचा नाही, पण प्लुटोनियम वितळून हजारेक मीटर वर जायचं आणि वारा नेईल तिकडे बोटांसारखे पट्टे पाडत खाली बसायचं. एकूण 22 किलोच्या आसपास प्लुटोनियम. त्याचं अर्धायुष्य 24,100 वर्षं, म्हणजे एवढ्या वर्षांनी ते फक्त निम्मं होणार.

इंग्रज गेले तेव्हा त्यांनी 1967 मध्ये माळ नांगरला. खरंच नांगरला. वरची माती खाली गेली की झालं, असा हिशोब. अहवालात लिहिलं की 22 पैकी 20 किलो इथल्या 21 खड्ड्यांत सुरक्षित पुरलंय. त्या अहवालावर विश्वास ठेवून 1968 मध्ये ऑस्ट्रेलियानं ब्रिटनला जबाबदारीतून मोकळं केलं. 1984 मध्ये जमीन आनंगूंना द्यायच्या आधी शास्त्रज्ञ मोजायला आले, तर प्लुटोनियमनं माखलेले तुकडे वरच पडलेले होते.

बाबा एकदम सावरून बसले. "पंचनामा न करता ताबापावती दिली." हे वाटाड्याला इंग्रजीत सांग म्हणाले. मी सांगितलं जमेल तसं. तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. म्हणाला, नेमकं तेच झालं.

प्लुटोनियमचे किरण कातडीतूनही आत जात नाहीत. कागद आडवा धरला तरी अडतात. धोका आहे तो धुळीतून फुफ्फुसात गेलं तर. आणि आनंगूंचं जगणं म्हणजे जमिनीवर बसणं, जमिनीवर झोपणं, कांगारू वाळूतल्या खड्ड्यात निखाऱ्यावर भाजणं, पोरं धुळीत लोळणं. शहरी माणसासाठी केलेलं गणित इथे लागू पडत नाही. म्हणून तज्ज्ञांनी वेगळं गणित मांडलं : बाहेर राहणारं कुटुंब दिवसाला किती धूळ श्वासात घेतं, जेवणातून किती पोटात जाते, जखमांतून किती. त्यावरून ठरलं की वर्षभर राहिलं तर अंगात जाणारी किरणोत्साराची मात्रा 5 मिलिसिव्हर्टच्या (हे त्या मात्रेचं माप) वर जाता कामा नये, आणि त्यावरून नकाशावर रेषा पडल्या. एका जमातीच्या बसण्याउठण्यावरून हद्द आखली गेली, हे मला फार विलक्षण वाटलं. बाबांना अजिबात नाही. "मग कशावरून आखणार? राहणारे तेच आहेत ना?"

1991 मध्ये मारालिंगाची मंडळी लाल माती घेऊन लंडनला गेली. 1993 मध्ये ब्रिटननं 2 कोटी पौंड कबूल केले. ऑस्ट्रेलियानं आनंगूंना 1.35 कोटी डॉलर भरपाई दिली. मग 1996 ते 2000 मोठी साफसफाई, दहा कोटी डॉलरांहून जास्त खर्चाची. यंत्रचालकांच्या केबिन हवाबंद, आत गाळलेली हवा. दोन चौरस किलोमीटरहून जास्त जागेवरची माती खरवडून पंधरा मीटर खोल खंदकात पुरली, वर पाच मीटर स्वच्छ माती. खड्ड्यांतला कचरा विजेनं वितळवून काच करायचं तंत्रही आणलं होतं. 1999 मध्ये एका खड्ड्यात स्फोट झाला आणि ते सोडून दिलं. उरलेलं उकरून पुन्हा पुरलं. या निर्णयावर आतल्याच एका अभियंत्यानं उघडपणे टीका केली. मला त्याचं म्हणणं पटतं : महाग पण टिकाऊ पद्धत सोडून साधं पुरणं झालं, आणि सरकारनं त्यालाही जागतिक दर्जा म्हटलं. 2021 मध्ये मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी इथले सूक्ष्म कण चिरून बघितले, तर त्यातून प्लुटोनियम अजूनही हळूहळू सुटू शकतं असं दिसलं.

आम्ही त्या खंदकावर उभे होतो. बुटक्या झुडपांचा मोठा, चपटा ढिगारा. बस्स. बाबांनी पावलांनी लांबी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे कंटाळून थांबले.

दिवस चौथा : हद्दीचे खांब

कालच्या रात्री बाबांनी वाटाड्याकडून सगळा सातबारा काढून घेतला होता. मी दुभाषी. तर असं :

1984 मध्ये कायदा झाला आणि 76,000 चौरस किलोमीटरहून जास्त जमीन मारालिंगा जारुजाच्या नावे झाली. बाबांनी वहीवर बेरीज केली : पुणे विभागाचे पाचही जिल्हे, वर अहिल्यानगर, तरी थोडं उरतंय. जमीन विकता येत नाही. "भोगवटादार वर्ग दोन," बाबा म्हणाले. मी म्हटलं, तिथे सरकारच्या परवानगीनं तरी विकता येते, इथे तसंही नाही. "मग वर्ग तीन." पण त्या कायद्यात स्फोटाची जागा नव्हती. मधला साधारण 3,000 चौरस किलोमीटरचा तुकडा, ज्याचं नावच सेक्शन 400, सरकारनं स्वतःकडे ठेवला होता. बाबांसाठी गट नंबर 400. साफसफाईनंतर डिसेंबर 2009 मध्ये तोही परत मिळाला. 2014 मध्ये लष्करी बंदीतून शेवटचा भागही सुटला. त्यात सुमारे 400 चौरस किलोमीटरभोवती खांब आहेत, तो पोटखराबा. इतर हक्कात केंद्र सरकार : जमिनीखालच्या विषाची जबाबदारी अजून त्यांच्याकडे. राखण मात्र आनंगूंकडे.

ती राखण म्हणजे काय ते आज बघितलं. ओक व्हॅलीहून आलेला एक रेंजर, साठीचा, आम्हाला सोबत यायला हो म्हणाला. ओक व्हॅली हे शंभरेक वस्तीचं गाव इथून आणखी वायव्येला. जमीन परत मिळाल्यावर यालाटाच्या राखाडी मातीतून निघून लोकांनी लाल वाळूत, मरुभूमीतल्या ओकांच्या झाडीत ते वसवलं.

खांब एकामागून एक. प्रत्येकावर पाटी, इंग्रजीत इशारा आणि पिट्जंजारा या आनंगूंच्या भाषेत चार शब्द : कुका पाल्या, ङुरा विया. कुका म्हणजे शिकारीचं मांस, पाल्या चांगलं, विया नाही. आणि ङुरा? 'ङ' नं सुरू होणारा शब्द! बाबांनी तो दहा वेळा म्हणून बघितला. "पहिलीत पाटीवर गिरवला, त्यानंतर आज उपयोग झाला." रेंजर त्यांना उच्चार शिकवत होता आणि दोघं म्हातारे खिदळत होते. ङुरा म्हणजे मुक्काम. पण घरही ङुराच, आणि आपला मुलूख, आपली माती, तीही ङुराच. म्हणजे सरकारी अर्थ "शिकार करा, मुक्काम करू नका", आणि तीच पाटी दुसऱ्या डोळ्यांनी वाचली तर, इथे तुमचं घर नाही.

बाबांनी तिसराच अर्थ लावला. "गायरान आहे, गावठाण नाही." तो मी भाषांतर केलाच नाही. कसा करणार?

एक खांब कलला होता. आजूबाजूला मोठ्या पावलांचे ठसे, लोखंडाला तपकिरी केस चिकटलेले. उंट. अंग खाजवायला खांबच सापडतो त्यांना, इथे दुसरं उंच काही नाही. रेंजरनं फोटो काढला, यंत्रावर जागा नोंदवली, मग आम्ही तिघांनी मिळून तो सरळ केला, दगड ठोकले. उंट इथले नाहीत. एकोणिसाव्या शतकात कराचीहून जहाजांनी आणले, सोबत सिंध-अफगाणिस्तानकडचे हाकणारे. मोटारी आल्यावर सोडून दिले, ते वाढले. पाणवठे तुडवतात, घाण करतात. बाबा म्हणाले, "कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, सांग त्याला. म्हणजे आमचेच उंट." रेंजर म्हणाला, "मग घेऊन जा."

पुढे रस्त्याच्या कडेला तो एकदम थांबला, खुरपं काढलं आणि एका गवताच्या झुबक्यावर तुटून पडला. बाबा जवळ गेले, कणीस हातावर घासलं. "अगं, हे तर अंजन!" झाड नव्हे, अंजन गवत. आमच्या माण-खटाव भागात पडीक रानात हे लावा म्हणून सरकार बी देतं. दुष्काळात जनावरं जगवतं. इथे त्याला बफेल म्हणतात, दक्षिण ऑस्ट्रेलियात जाहीर तण आहे. पहिल्यांदा आलं ते म्हणे उंटांच्या खोगिरात भरून. एकदा पसरलं की वणवा असा पेटतो की मूळची झाडं परत उठत नाहीत, आणि राखेत पहिलं तेच उगवतं. बाबांनी बाजूचे दोन झुबके उपटले, पण चेहरा असा, की वासरू कसायाला दिलंय.

मग खंदकांची पाहणी. कुठे खचलंय का, पावसानं घळ पडलीय का, सशांनी बिळं पाडलीत का, झुडपं मुळं धरून आहेत का. कागदावर खुणा, फोटो, सही. ठरावीक काळानं परत. कधीपर्यंत, हे मी विचारलं नाही. 24,100 हा आकडा कालपासून डोक्यात होता. त्याला तो आकडा पाठ होता, पण त्याला खंदकापेक्षा मॅलीफाऊलबद्दल बोलायचं होतं. ङनामारा. जमिनीवर माती-पाल्याचा ढीग रचून त्यात अंडी उबवणारा पक्षी. ओक व्हॅलीचे रेंजर त्याची घरटी मोजतात, मांजरं-कोल्ह्यांपासून राखतात. एक जीव असा, की तोही ढीग रचतो आणि वर्षभर त्याची निगा करतो. हे तो हातवारे करून सांगत होता, काल कुणी खंदकाबद्दल सांगितलं नव्हतं इतक्या आत्मीयतेनं.

दुपारी मल्गा नावाच्या झाडाच्या सावलीत चहा. खांबांच्या बाहेर, अर्थात. बाबांनी, मी न विचारता, कोयनेबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांचं आजोळ धरणाखाली गेलं. नोकरीत त्यांनी धरणग्रस्तांचे अर्ज वर्षानुवर्षं हाताळले. काहींच्या नातवांनाही पर्यायी जमिनीचा सातबारा मिळाला नव्हता. मी तुकड्या-तुकड्यांत भाषांतर करत होते.

रेंजरनं विचारलं, "सगळं पाण्याखाली? मग जाता येतं?"

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा वर येतो. लोक होडीनं जातात. नारळ फोडतात."

"रात्री राहतात?"

"नाही. संध्याकाळी परत."

"उवा," तो म्हणाला. म्हणजे हो. बऱ्याच वेळानं परत एकदा म्हणाला, "उवा." चहा संपेपर्यंत पुढे कोणीच बोललं नाही, आणि माझ्या दुभाष्याच्या कामाला पहिल्यांदाच सुट्टी मिळाली.

दिवस पाचवा : परत

सकाळी विमानाची धावपट्टी बघितली, बॉम्बफेकी विमानांसाठी बांधलेली, अडीच किलोमीटरच्या आसपास. अजून चांगली आहे. त्यापेक्षा सांगण्यासारखं काही नाही.

निघताना गाडीची चाकं झाडून घेतली. बुटांना लागलेली माती बाबांनी स्वतः काडीनं खरवडून काढली, एका जागी गोळा केली आणि बुटानं सारखी केली. बॅगेत काही दगड-बिगड आहे का हे मी तीनदा विचारल्यावर चिडले.

फाटकाशी नोंदवही होती. नाव, गाव, गाडी नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. शेवटचा रकाना भेटीचं कारण. वरच्या सगळ्या ओळींत इंग्रजीत 'सहल' लिहिलं होतं, माझ्याही. बाबांनी पेन घेतलं, चष्मा पुसला, तारीख मराठी आकड्यांत घातली आणि त्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं : स्थळपाहणी केली. खाली सही. मग सवयीनं शिक्क्यासाठी खिसा चाचपला.